हॅमिल्टन (चित्रित संगीतिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या जीवनावरील संगीतिका आणि तिच्या मूळ नटसंचाच्या प्रयोगाचे चित्रीकरण. संहिता, पदे व संगीत लिन-मॅन्युएल मिरांडा यांचे. दिग्दर्शन टॉमस केल, नृत्यरचना अँडी ब्लँकनब्यूलर. आधार रॉन चर्नाऊ यांच्या २००४ मधील हॅमिल्टनचरित्राचा. यातील पहिले पद मिरांडा यांनी मे २००९ मध्ये व्हाइट हाउसमध्ये म्हणून दाखवले. पूर्ण नाटक २०१५ च्या आरंभी न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरमध्ये आणि ६ ऑगस्ट २०१५ रोजी ब्रॉडवेवरील रिचर्ड रॉजर्स थिएटरमध्ये रुजू झाले. २०१६ मध्ये त्याला नाटकासाठीचे पुलित्झर पारितोषिक व ११ टोनी पुरस्कार मिळाले.

नायकाच्या जन्मवर्षाविषयी मतभेद आहेत. कॅरिबियन समुद्रातील नेव्हिस बेटावर ११ जानेवारीला त्यांचा जन्म झाला, असे सामान्यतः मानतात. वर्ष १७५५ की १७५७, हा वाद आहे. हॅमिल्टन स्वतः १७५७ धरत, आणि न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चमधील समाधीवर मृत्युसमयीचे वय ४७ कोरलेले आहे. तेही याच वर्षाशी जुळते. याउलट १७६८ मध्ये आई वारल्यावर सेंट क्रॉय बेटावरील वारसा-न्यायालयाच्या नोंदीत मुलाचे वय १३ लिहिले आहे. १७७१ मध्ये तेथील वृत्तपत्राकडे कविता पाठवताना त्यांनी स्वतःला सुमारे सतरा वर्षांचा म्हटले होते. पुढे महाविद्यालयीन सोबत्यांपेक्षा थोराड दिसू नये म्हणून त्यांनी दोन वर्षे कमी सांगितली असावीत, असा एक तर्क आहे. समकालीन कागदांना उत्तरकालीन स्वकथनापेक्षा अधिक वजन द्यावयाचे तर १७५५ ग्राह्य वाटते. चर्नाऊ यांचाही कल तिकडेच आहे. संगीतिकेत मात्र १७७६ मधला नायक स्वतःला एकोणीस वर्षांचा म्हणवतो, म्हणजे ती १७५७ च्या बाजूला जाते. चरित्रकाराला आधार मानणाऱ्या नाटककाराने येथे त्याची साथ सोडलेली दिसते.

इतरत्रही कालक्रम नाट्यासाठी वाकवला आहे. हॅमिल्टन यांची मेहुणी अँजेलिका स्कायलर हिचा विवाह १७७७ मध्येच झाला होता, तरी रंगमंचावर हॅमिल्टन भेटतात तेव्हा ती अविवाहित आहे. किंबहुना तिचे सर्वांत प्रभावी पद याच कल्पनेवर उभे आहे. मरिया रेनल्ड्स या विवाहितेशी हॅमिल्टन यांचे संबंध व तिच्या नवऱ्याला दिलेले पैसे, या प्रकरणी १७९२ मध्ये जाब विचारणारे मन्रो, म्यूलेनबर्ग व व्हेनबल हे काँग्रेसचे सदस्य होते. नाटकात ते काम जेफरसन, मॅडिसन व हॅमिल्टन यांचा राजकीय प्रतिस्पर्धी ॲरन बर करतात. बर हाच निवेदक आहे. ११ जुलै १८०४ रोजी वीहॉकन येथील द्वंद्वयुद्धात त्यानेच झाडलेली गोळी लागून हॅमिल्टन दुसऱ्या दिवशी मरण पावले.

राष्ट्रसंस्थापकांच्या भूमिका आफ्रिकी, लॅटिन व आशियाई वंशाचे नट करतात आणि हिप-हॉप, आर अँड बी, जॅझ यांतून बोलतात. ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज तेवढा गोरा, त्याची चाल १९६० च्या दशकातील ब्रिटिश पॉपची. या योजनेवर इतिहासकारांत गंभीर चर्चा झाली. गौरेतर नट पुढे आले, पण त्या काळातील गुलाम केलेली माणसे कथानकातून जवळजवळ नाहीशी झाली, असा आक्षेप इतिहासकार लायरा मोंतेरो यांनी २०१६ मध्ये मांडला. जेफरसनच्या घरातील गुलाम स्त्री सॅली हेमिंग्जचा ओझरता उल्लेख येतो, एवढेच. तेव्हा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. हॅमिल्टन यांचे गुलामगिरीविरोधी चित्र अतिरंजित असल्याचे जेसी सर्फिलिप्पी यांनी २०२० मध्ये कौटुंबिक हिशेबांच्या आधारे दाखवले. त्यानंतर तर या आक्षेपाला अधिकच बळ आले.

चित्रीकरण जून २०१६ च्या अखेरीस, मिरांडा (हॅमिल्टन), लेस्ली ओडम (बर) व फिलिपा सू (हॅमिल्टनची पत्नी) नाटक सोडण्याच्या थोडे आधी झाले. राजाची भूमिका करणारे जोनाथन ग्रॉफ एप्रिलमध्येच बाहेर पडले होते. ते यासाठी परतले. दोन प्रयोग प्रेक्षकांसमोर टिपले आणि निवडक पदे रिकाम्या नाट्यगृहात क्रेन, डॉली व स्टेडिकॅम ही कॅमेरा फिरवण्याची साधने वापरून पुन्हा घेतली. त्यामुळे डेव्हिड कोरिन्स यांच्या नेपथ्यातील एकात एक बसवलेले दोन फिरते रंगमंच वरून दिसतात. समोरच्या रांगेतील प्रेक्षकाला ते तसे कधीच दिसत नाहीत. हॅमिल्टनचा मित्र जॉन लॉरेन्स याच्या मृत्यूची वार्ता येते तो छोटा प्रवेश ध्वनिमुद्रिकेत नाही, येथे आहे. १९६९ मधील ‘१७७६’ ही अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरील संगीतिका १९७२ मध्ये रीतसर चित्रपटरूपाने नव्याने घडवली गेली होती. हॅमिल्टनमध्ये प्रत्यक्ष प्रयोगच जतन झाला.

डिझ्नीने २०२० मध्ये सुमारे साडेसात कोटी डॉलरना हक्क घेतले. ऑक्टोबर २०२१ मध्ये चित्रपटगृहांत येणारा हा चित्रपट महासाथीमुळे ३ जुलै २०२० रोजी डिझ्नी प्लस या ऑनलाइन सेवेवर आला. पीजी-१३ (तेरा वर्षांखालील मुलांबाबत पालकांना सावध करणाऱ्या) प्रमाणपत्रासाठी एका शिवीचे तीनपैकी दोन उच्चार काढून टाकले. नाट्यप्रयोगाचे ध्वनिचित्रण असल्याने तो ऑस्करसाठी पात्र ठरला नाही. २०२१ मध्ये पूर्वचित्रित विशेष कार्यक्रमाचा एमी पुरस्कार मात्र मिळाला. अमेरिकेतील चित्रपटगृहांत तो ५ सप्टेंबर २०२५ रोजी प्रदर्शित झाला.