लांड्या शेपटीचे कुत्रे : नैसर्गिक व छाटलेली शेपटी

काही कुत्र्यांच्या जातींत शेपटी जन्मतःच आखूड असते. इतर अनेक जातींत ती पिल्लू काही दिवसांचे असतानाच छाटतात. दोन्ही कुत्री दिसायला सारखीच लांडी, त्यामुळे जुन्या जातिवर्णनांत ‘उपजत’ आणि ‘छाटलेली’ यांची बरीच सरमिसळ आढळते. कुत्र्याच्या शेपटीत सामान्यतः वीसच्या आसपास मणके असतात. जातीनुसार ही संख्या ६ ते २३ अशी बदलते.

उपजत लांडेपणाचे कारण २००१ मध्ये पेंब्रोक वेल्श कॉर्गी जातीत उलगडले. टी (ब्रॅक्युरी) या जनुकातील १८९व्या स्थानी डीएनएच्या एकाच अक्षराचा बदल होऊन सायटोसीनच्या जागी ग्वानिन येतो. गर्भाच्या मागील भागाच्या घडणीत या जनुकाचा वाटा असतो. बदल प्रभावी असल्याने त्याची एक प्रत मिळाली तरी शेपटी आखूड होते, मात्र तिची लांबी एकाच वीणीतील भावंडांतही वेगवेगळी असते. दोन्ही प्रती बदललेल्या असलेले गर्भ जगत नाहीत. म्हणून लांड्या नराला लांडीच मादी दाखवली, तर पिल्ले कमी होतात. स्वीडिश व्हॉलहुंड जातीत ही घट सुमारे २९ टक्के आढळली. लांडेपणा जातीत कायमचा ‘शुद्ध’ करता येत नाही, तो याच कारणाने.

२००९ च्या अभ्यासात आखूड शेपटीची नोंद असलेल्या आणखी २३ जाती तपासल्या गेल्या. १७ जातींत हाच बदल सापडला. बोस्टन टेरियर, इंग्लिश बुलडॉग, किंग चार्ल्स स्पॅनियल, मिनिएचर श्नाउझर, पार्सन रसेल टेरियर आणि रॉटवायलर यांत मात्र तो नव्हता. यावरून लांडेपणाचा उगम एकच नसावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग व बोस्टन टेरियर यांची पीळदार खुंटी शेपटी डीव्हीएल-२ या वेगळ्याच जनुकातील बदलाशी जोडली गेली आहे (२०१८). तिथे मणकेच वेडेवाकडे असतात. ब्रिटिश आनुवंशिकीतज्ज्ञ ब्रूस कॅटॅनॅक यांनी १९९० च्या दशकात कॉर्गी व बॉक्सर यांचा संकर करून, पुढे पुन्हा पुन्हा बॉक्सरशी जोड लावून, उपजत लांडे बॉक्सर तयार केले. शेपटी न छाटता रूप राखण्याचा हा प्रयत्न विशेष मोलाचा आहे.

छाटणीचा उगम वादग्रस्त आहे. इ. स. पहिल्या शतकातील रोमन कृषिलेखक कोलुमेला पिल्लू चाळीस दिवसांचे झाल्यावर शेपटीचे टोक दातांनी तोडण्यास सांगतो. त्यामुळे कुत्रा पिसाळत नाही, अशी मेंढपाळांची समजूत तो नोंदवतो. या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. ब्रिटनमध्ये १७९६ साली बसवलेल्या कुत्रेकरातून कामाच्या लांड्या कुत्र्यांना सूट असे आणि त्यातून प्रथा पसरली, ही कथा वारंवार सांगितली जाते. पण प्रथा त्याहून कितीतरी जुनी असल्याने कर हे तिचे मूळ मानणे कठीण आहे. झुडपांत शेपटीला होणारी इजा टळावी, हे कारण शिकारी कुत्र्यांपुरते संभवनीय वाटते.

छाटणी बहुधा दोन ते पाच दिवसांच्या वयात, पिल्लाचे डोळे उघडण्याआधी, कात्रीने किंवा घट्ट रबरी कड्याने आणि बहुतेकदा भूल न देता होते. पिल्लाला वेदना होत नाहीत, हा समज टिकणारा नाही : कापतेवेळी ती जोराने ओरडतात, हे १९९६ मध्ये ५० पिल्लांच्या निरीक्षणात दिसले. इजेविषयी ब्रिटनमधील २०१० चा अभ्यास निर्णायक ठरतो. सर्वसाधारण कुत्र्यांत शेपटीच्या इजेचे प्रमाण ०.२३ टक्के आढळले. अभ्यासकांच्या हिशोबानुसार एक इजा टाळण्यासाठी सुमारे ५०० शेपट्या छाटाव्या लागतील. शेपटीने कुत्री एकमेकांना हेतू कळवतात, तेही साधन यात जाते.

नॉर्वेने १९८७ मध्ये छाटणीवर बंदी घातली. त्याच वर्षीच्या पाळीव प्राण्यांविषयीच्या युरोपीय करारातही ती निषिद्ध आहे, मात्र या कलमाबाबत राखीव भूमिका घेण्याची, म्हणजे ते आपल्यापुरते न स्वीकारण्याची, मुभा देशांना आहे. इंग्लंडमध्ये २००७ पासून बंदी असून कामाच्या कुत्र्यांना अपवाद आहे. स्कॉटलंडने सरसकट घातलेली बंदी २०१७ मध्ये स्पॅनियलसारख्या शिकारी कुत्र्यांपुरती सैल केली.

भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ प्राण्याचा अंगविच्छेद हा गुन्हा ठरवते. त्यातील अपवादांच्या यादीत शिंगे काढणे, खच्चीकरण, डागणे व वेसण घालणे आहे, शेपटी छाटणे नाही. महाराष्ट्र-कर्नाटकातील कारवानी कुत्र्याची लांब, टोकाकडे निमुळती शेपटी तशीच राखली जाते.