खिशात लिंबू घेऊन ओटा निवडताना

दगडाच्या दुकानात जाताना खिशात एक लिंबू ठेवावं. आमच्या स्वयंपाकघराचं काम निघालं तेव्हा आम्ही त्याच्याही एक पाऊल पुढे गेलो. कडप्पा, काळा ग्रॅनाइट, पांढरा संगमरवर आणि कृत्रिम क्वार्ट्झ यांचे तळहाताएवढे तुकडे दुकानातून मागून घरी आणले. प्रत्येकावर लिंबाची फोड पालथी घातली, शेजारी फोडणीतल्या हळदीच्या तेलाचा एक थेंब सोडला आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी पुसून पाहिलं आणि निम्मा निर्णय तिथेच झाला.

संगमरवरावर फोडीच्या आकाराचं निस्तेज वर्तुळ उमटलं होतं. पॉलिश केलेल्या कडप्प्यावर तसंच करडं वर्तुळ होतं. आम्ही ते घासून पाहिलं, पण जाईना. जाणार कसं? तो डाग नव्हताच. संगमरवर आणि कडप्पा दिसायला एकमेकांच्या उलट, एक पांढरा आणि एक काळा, पण दोन्हींचा मुख्य घटक एकच, कॅल्शियम कार्बोनेट. कडप्पा हा चुनखडीचा दगड. आंध्रातल्या ज्या जिल्ह्यातून तो येतो त्याचंच नाव त्याला पडलं. आपल्या जुन्या घरांतली शहाबादी फरशीही त्याच कुळातली, कर्नाटकातल्या शहाबादहून आलेली. लिंबातलं सायट्रिक आम्ल या कार्बोनेटला गाठतं तेव्हा कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि दगडाचा वरचा गुळगुळीत थर विरघळतो. म्हणजे तिथला दगडच थोडा कमी झालेला असतो, आणि जे कमी झालं ते घासून परत येत नाही. पुन्हा पॉलिश करणं एवढाच उपाय उरतो.

आता आपल्या घरात दिवसभरात ओट्यावर काय काय सांडतं ते आठवा. आमटीची चिंच, सोलकढीतलं कोकम, कोशिंबिरीवरचं लिंबू, ताक, टोमॅटोचा रस. सगळी आम्लंच. आंबट खाणाऱ्या घरात संगमरवराचा ओटा करणं म्हणजे रोज त्याची थोडी थोडी झीज करणं, असं माझं स्पष्ट मत आहे. कडप्प्याचं मात्र कौतुक करायला हवं. कपाटातल्या फळ्या, भांडी ठेवायची मांडणी, मोरीचा कठडा अशा जागी तो पिढ्यान् पिढ्या टिकला आहे. आंबटापासून दूर ठेवला की तो उत्तम दगड आहे.

काळ्या ग्रॅनाइटवर लिंबाने काहीच केलं नाही. त्याची खनिजं सिलिकेट प्रकारची असतात आणि स्वयंपाकघरातली आम्लं त्यांना हात लावू शकत नाहीत. मला यातली आणखी एक गोष्ट फार आवडते. बाजारात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो भूशास्त्राच्या भाषेत बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच. तो गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टचा सख्खा भाऊ. शिलारस तोच. जमिनीवर येऊन झटकन थिजला की बारीक कणांचा बेसॉल्ट होतो, जमिनीखाली सावकाश निवत गेला की मोठ्या स्फटिकांचा गॅब्रो होतो. आजीचा पाटा-वरवंटा आणि जातं ज्या बेसॉल्टचं होतं, त्याच घराण्यातला दगड आज पॉलिश होऊन मॉड्युलर किचनमध्ये बसतो.

फ्रिडरिश मोह्ज या खनिजतज्ज्ञाने १८१२ साली दगडांच्या कठीणपणाची १ ते १० अशी मापपट्टी मांडली. ज्या कॅल्साइटचा संगमरवर बनतो त्याला तिच्यात ३ गुण आहेत, सुरीच्या पोलादाला साडेपाचच्या आसपास, ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पारला ६ आणि क्वार्ट्झला ७. म्हणून सुरी संगमरवरावर ओरखडा काढते, ग्रॅनाइटवर मात्र स्वतःच बोथट होते. ग्रॅनाइट घेताना दोन गोष्टी तपासा. तुकड्यावर पाण्याचे थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबा. खाली गडद ठसा उमटला तर दगड पाणी पितो, आणि जो पाणी पितो तो तेलही पिणार. अशा दगडाला छिद्रं बुजवणारा सीलर लावावा लागतो. फिकट रंगाच्या ग्रॅनाइटमध्ये हे जास्त आढळतं. काळ्या दगडावर नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये भिजवलेला पांढरा कापूस घासा. कापूस काळा झाला तर दगडाचा काळेपणा वरून चढवलेला आहे.

चौथा तुकडा कृत्रिम क्वार्ट्झचा. क्वार्ट्झचा चुरा साधारण नव्वद टक्के आणि बाकी पॉलिस्टर रेझिन (चुरा चिकटवून धरणारं प्लास्टिक) व रंग, हे सगळं दाबून, तापवून त्याच्या लाद्या करतात. लिंबाने त्याला काही झालं नाही. हळदीची किंचित पिवळी छटा राहिली, तीही तुकडा दोन दिवस उन्हात ठेवल्यावर फिकी पडली. पाणी तो जवळजवळ पीतच नाही. त्याचं दुखणं दुसरं आहे. त्यातला चुरा कितीही कठीण असला तरी त्याला धरून ठेवणारं रेझिन दीडशे अंश सेल्सिअसच्या पुढे टिकाव धरत नाही. कुकरच्या आत १२० अंशांच्या आसपास तापमान असतं, पण फोडणीची कढई सहज १८० ते २०० अंशांवर असते. गॅसवरून उतरवलेली कढई थेट ओट्यावर टेकवायची आपली सवय या दगडाला सोसत नाही. तो पिवळा पडतो, कधी तडकतो. सतत ऊन लागलं तरी रेझिन पिवळं पडतं, म्हणून खिडकीलगत किंवा गॅलरीत तो नको.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हा कृत्रिम दगड कापताना उडणारी धूळ म्हणजे बहुतांशी स्फटिकरूप सिलिका, म्हणजेच क्वार्ट्झची पूड. तिचे काही मायक्रॉनचे कण फुप्फुसाच्या पार तळाशी जाऊन बसतात, तिथे व्रण धरतात आणि सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. ऑस्ट्रेलियात हे लाद्या कापणारे तरुण कामगार मोठ्या संख्येने आजारी पडल्यावर १ जुलै २०२४ पासून त्या देशाने कृत्रिम दगडावर बंदीच घातली. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, प्रमाण बरंच कमी असलं तरी. आपल्याकडे सोसायटीच्या आवारात कोरड्या ग्राइंडरने सिंकचं भोक पाडणारा माणूस तोंडाला फार तर रुमाल बांधतो. रुमालातून हे कण आरपार जातात. कापकाम पाण्याची धार सोडूनच करायचं आणि त्याचा वेगळा खर्च आपण द्यायचा, हे कंत्राटदाराला आधीच सांगता येतं. ओटा आपल्या घरात वीस वर्षं राहणार आहे. त्याच्यासाठी त्या माणसाने आपला श्वास गमावू नये.

आता हळद. तिचा पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात छान विरघळतं. म्हणून नुसत्या पाण्याने पुसलेली हळद पसरते आणि फोडणीचा शिंतोडा बारीक छिद्रांत मुरतो. कर्क्युमिनचा दुसरा गुण मराठी घराला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. अल्कली भेटली की ते लाल होतं. हळदीचं कुंकू करताना चुन्यासारखी अल्कली घालतात ती यासाठीच, आणि हळदीच्या डागाला साबण लावल्यावर तो लालसर होतो तोही यामुळेच. स्वयंपाकघरात हाच प्रयोग टाइल्सच्या सांध्यांत आपोआप घडतो. सांध्यातलं नवं सिमेंट अल्कली असतं आणि सच्छिद्रही. गॅसमागच्या पांढऱ्या टाइल्स पुसून चकचकीत होतात आणि सांधे मात्र तांबूस-तपकिरी पडत जातात. त्यामुळे गॅसमागच्या भिंतीला मोठ्या टाइल्स आणि सिमेंटऐवजी इपॉक्सी रेझिनचे सांधे, एवढा खर्च मी कधीच टाळणार नाही. इपॉक्सी तेल पीत नाही.

त्या भिंतीवरचा चिकट थर हाही रसायनशास्त्राचाच विषय. तळणीतून उडालेले तेलाचे सूक्ष्म थेंब हवेतल्या ऑक्सिजनशी जोडले जातात, त्यांचे रेणू एकमेकांत गुंफतात आणि लाखेसारखा थर तयार होतो. बिडाचा तवा तेल लावून मुरवतो तेव्हा नेमकं हेच आपल्याला हवं असतं, कपाटाच्या दारावर ते नको असतं. म्हणून गॅसजवळच्या दारांना खरखरीत पोताचं लॅमिनेट घेऊ नये. खाचांत अडकलेलं तेल तिथेच थिजतं. कपाटांच्या आतल्या लाकडाबद्दल थोडक्यात सांगायचं तर सिंकखाली एमडीएफ नको. तो लाकडाच्या भुश्यासारख्या तंतूंचा दाबलेला पुठ्ठाच असतो आणि एका पावसाळ्यात फुगतो. तिथे फिनॉल रेझिनने चिकटवलेला, आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का असलेला प्लाय घ्यावा.

रंगांकडे येऊ. अमुक रंगाने भूक वाढते, तमुक रंगाने मन शांत होतं, अशा गोष्टींवर विसंबून मी भिंत रंगवणार नाही. पण प्रकाशाचं शास्त्र भक्कम आहे. बहुतेक स्वयंपाकघरांत दिवा छताच्या मध्यभागी असतो, स्वयंपाक करणारी व्यक्ती त्याच्याकडे पाठ करून उभी राहते आणि तिची सावली नेमकी चिरण्याच्या जागेवर पडते. काळा ओटा, गडद दारं आणि मागून येणारा दिवा असं त्रिकूट जमलं की भर दुपारीही डोळे ताणावे लागतात. गडद ओटा घेतला असेल तर भिंत आणि वरची कपाटं फिकी ठेवावीत आणि कपाटांच्या खाली, पुढच्या कडेला एलईडीची पट्टी लावावी. पट्टी घेताना खोक्यावरचा सीआरआय बघावा. दिव्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा तो आकडा, सूर्यप्रकाशाला १०० धरून. तो ९० च्या पुढचा हवा. कांदा गुलाबी झाला की तांबूस, पालेभाजी ताजी आहे की पिवळी पडू लागली, हे त्याच उजेडात कळतं. घरात वयस्क माणसं असतील तर आणखी एक सांगतो. पांढऱ्या ओट्यावर पांढरी ताटली त्यांना धड दिसत नाही. ओट्याची कड वेगळ्या रंगाची असली की हात चुकत नाही.

रंगाचा विषय निघाला की मला फ्रँकफर्ट आठवतं. १९२६ साली तिथल्या नव्या कामगार वसाहतींसाठी मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद स्त्रीने एक छोटं स्वयंपाकघर रचलं, १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. रेल्वेच्या डायनिंग कारमधला इवलासा मुदपाकखाना हा तिचा एक आदर्श होता. घड्याळ लावून तिने कामांचा वेळ मोजला, पावलं कमी केली. कपाटांना निळसर हिरवा रंग दिला, कारण त्या रंगावर माश्या बसत नाहीत अशी तेव्हा समजूत होती. पिठाचा खण ओकच्या लाकडाचा केला, त्याने कीड दूर राहते म्हणून. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ तिथे आहे. मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती खिडकीजवळची बैठी जागा. तिथे कामाचं टेबल होतं आणि फिरतं स्टूल होतं. बसून निवडा, बसून चिरा.

पुढे १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात ‘कामाचा त्रिकोण’ रूढ झाला: सिंक, शेगडी आणि फ्रिज यांना जोडणाऱ्या तीन बाजूंची बेरीज १३ ते २६ फूट असावी. आपल्या सात-आठ फुटी सरळ ओट्यावर त्रिकोण होतच नाही. तिथे क्रम महत्त्वाचा: फ्रिज, सिंक, चिरण्याची जागा, गॅस. सिंक आणि गॅस यांच्यात सलग दोन फूट मोकळे मिळाले तर बाकीचं जमवून घेता येतं. तिथे मिक्सर आणि पाण्याचं मशीन आणून ठेवलं की क्रम मोडतो.

पण या सगळ्याहून जास्त दुखवते ती ओट्याची उंची, आणि तिच्याकडे कुणी बघतही नाही. उभ्याने चिरायचं असेल तर पृष्ठभाग कोपरापेक्षा १० ते १५ सेंमी खाली हवा. कोपराची उंची माणसाच्या उंचीच्या साधारण ६३ टक्के असते. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंमीच्या आसपास, म्हणजे कोपर ९५-९६ सेंमीवर आणि ओटा ३२ ते ३३ इंचांचा. उंच माणसांच्या देशांतली ३६ इंचांची मापं कॅटलॉगमधून उचलली की खांदे दिवसभर वर चढलेले राहतात. त्यात शेगडी ओट्यावर ठेवली की भांडं आणखी १० ते १५ सेंमी वर जातं आणि ठेंगण्या बाईला कढईत डोकावावं लागतं. शेगडी ओट्यात खाली बसवण्याचा खरा फायदा हा आहे, दिसण्याचा फायदा दुय्यम.

आणि भाकरी? पीठ मळताना, भाकरी थापताना जोर खांद्यातून आणि शरीराच्या वजनातून येतो. त्यासाठी परात कोपरापेक्षा २० सेंमी किंवा त्याहून खाली असावी लागते. आपल्या आज्या पाटावर बसून काठवटीत वाकून भाकरी करत, तेव्हा ही उंची आपोआप मिळत होती. ओटा उभा झाला आणि भाकरीची जागा उंच होऊन बसली. ‘हल्ली भाकरीला जोर लागत नाही’ असं आई म्हणायची, ते आम्ही वयावर ढकलत होतो.

आईची उंची १४७ सेंमी. गवंडी आला तेव्हा त्याने टेप भिंतीला लावली. आम्ही ती आधी आईच्या कोपराला लावायला सांगितली: ९२ सेंमी. ओटा साडेएकतीस इंचांवर ठरला, काळ्या ग्रॅनाइटचा. खिडकीकडच्या टोकाला दोन फूट रुंदीचा एक खालचा टप्पा केला, २८ इंचांवर. त्यावर जुन्या ओट्याचा कडप्पा कापून बसवला, पाणी सोडत कापलेला. ज्वारीचं पीठ आणि गरम पाणी, तिथे आंबट काही येत नाही. आई आता परात तिथे ठेवते, आणि थापताना तिचे खांदे खाली असतात.