'वंगण संपलंय' म्हणजे नेमकं काय?

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या मावशी गुडघ्याचा एक्स-रे घेऊन आल्या, तेव्हा निकाल त्यांनी आधीच लावला होता. "वंगण संपलंय म्हणं. आता वाटी बदला, न्हाईतर बसून ऱ्हावा." रिपोर्टवर 'ग्रेड ४' लिहिलेलं. गुडघ्याच्या झिजेची ही प्रतवारी केलग्रेन आणि लॉरेन्स या डॉक्टरांनी १९५७ साली मांडली. चौथी म्हणजे शेवटची पायरी: दोन हाडांमधली फट जवळपास मिटलेली.

पण फोटोत हाड दिसतं, दुखणं दिसत नाही. हाडाच्या टोकावर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिला मज्जातंतूच नसतात. कळ येते ती खालच्या हाडातून, सांध्याच्या सुजलेल्या अस्तरातून, आजूबाजूच्या बंधांतून. म्हणून सारखाच फोटो असलेल्या दोघींपैकी एक रंकाळ्यावर फिरायला जाते आणि दुसरीला उंबरा ओलांडवत नाही.

आणि वंगण? याच मावशी मागच्या महिन्यात म्हणत होत्या, "गुडघ्यात पाणी झालंय." गंमत अशी की ते पाणी म्हणजेच हे वंगण! सांध्याचं अस्तर ते तयार करतं. सूज आली की ते पातळ होतं आणि उलट जास्तच साचतं. संपत मात्र नाही.

कूर्चेला रक्तवाहिन्याही नसतात. तिचं पोषण होतं ते याच द्रवातून, स्पंजासारखं: पाऊल टेकलं की दाबली जाते, उचललं की द्रव शोषून घेते. गेलेली कूर्चा चालण्यानं परत येत नाही, हे खरं. पण बसून राहिल्यानं उरलेलीही उपाशी राहते आणि मांडीचा स्नायू सुकतो. गुडघ्याला सावरणारा मुख्य स्नायू तोच. तालमींच्या या गावात हे वेगळं सांगायला नको. फक्त वस्तादांच्या पूर्ण बैठका इथं चालायच्या नाहीत. उंच खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठायचं, सावकाश बसायचं. झोपून पाय सरळ ठेवून उचलायचा. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशीपर्यंत ते दुखणं ओसरलं नाही, तर प्रमाण कमी करायचं. फरक कळायला दोन-तीन महिने लागतात, आणि बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यातच सोडतात.

वजनाचं गणित तर फारच फायद्याचं आहे. वजन जास्त असलेल्या वयस्करांच्या अभ्यासात, एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका झालेला दिसला.

पायाचं सूप जरूर प्यावं, चवीसाठी. पोटात गेलं की त्यातलं कोलॅजन हे प्रथिन पचून सुटं होतं, त्याला गुडघ्याचा पत्ता माहीत नसतो. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवरही मोठ्या चाचण्यांत विशेष काही हाती लागलं नाही. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं मलम मात्र उपयोगी आहे, आणि पोटाला, किडनीला त्याच औषधाच्या गोळ्यांपेक्षा मलमाचा त्रास पुष्कळ कमी. स्टेरॉइडच्या इंजेक्शनानं काही आठवडे आराम पडतो. पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दर तीन महिन्यांनी, दोन वर्षं ते दिलं, तेव्हा कूर्चा जास्त झिजली आणि दुखणं औषध नसलेल्या, नुसत्या मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनाइतकंच राहिलं.

मग ऑपरेशन नकोच का? २०१५ साली डेन्मार्कमधल्या १०० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. सांधा बदललेल्यांना आराम जास्त पडला, गंभीर गुंतागुंतीही त्यांच्यातच जास्त झाल्या. नुसत्या व्यायाम-आहार-औषधांच्या गटातल्या साधारण चौघांपैकी तिघांनी वर्षभरात ऑपरेशन करून घेतलं नाही. रात्रीची झोप उडत असेल, घरातल्या घरात फिरणं अवघड झालं असेल, तर सांधा बदलून घेण्यात कमीपणा नाही. तापासोबत गुडघा लाल, गरम झाला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

मावशींचा उजवा गुडघा दुखतो. काठी डाव्या हातात धरा, म्हणजे दुखऱ्या पायाबरोबर ती पुढे पडते आणि भार वाटला जातो, असं सांगितलं. त्यांनी अंगणात दोन फेऱ्या मारून बघितल्या. मग म्हणाल्या, "ते झालं रे. पण कपिलतीर्थाच्या मंडईतून येताना भाजीची पिशवी कुठल्या हातात धरू?"

पाठीवरची सॅक नातवाची होती. तीच घेऊन जातात आता.