फरासखान्यापासून सिल्पोलीनपर्यंत: तंबूचं कापड कसं बदलत गेलं

पुण्यात दगडूशेठ गणपतीच्या बाजूला गेला असाल तर फरासखाना हे नाव कानावरून गेलंच असेल, आता तिथे पोलीस स्टेशन आहे म्हणून बऱ्याच जणांना वाटतं हा काहीतरी पोलिसी शब्द असणार. पण फरास म्हणजे तंबू ठोकणारा, बिछायत घालणारा माणूस, आणि फरासखाना म्हणजे राहुट्या, कनाती, सतरंज्या, दोर, खुंट्या सांभाळणारं खातं. शिवाजी महाराजांच्या अठरा कारखान्यांच्या यादीतही फरासखाना आहेच. हे आधी सांगतोय कारण मांडवाला, तंबूला किंवा दुकानापुढच्या छपरीला कॉटन घ्यावं की सिंथेटिक असं विचारलं की लोक लगेच जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम ते वजन) आणि वॉटरप्रूफवर येतात, आणि मला तरी वाटतं की मुद्दा तिथे नाहीच. ओलं झालेलं कापड वाळवणार कोण, घडी घालून कोरड्या जागी ठेवणार कोण आणि फाटलं तर शिवणार कोण, सगळा इतिहास याच्याभोवती फिरतो.

अकबराच्या छावणीचा पसारा ऐन-इ-अकबरीत दिलाय तो बघा: सामान वाहायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या, आणि तंबू उभे करायला १००० फरास, शिवाय सुतार, भिश्ती, तंबू शिवणारे वेगळेच. बारगाह नावाचा मोठा तंबू उभा करायला म्हणे १००० फरासांना आठवडा लागायचा. बादशाही तंबूंभोवती लाल कापडाचं जे मोठं आवार असायचं ते गुलालबार. हा शब्द आपल्याला माहीत असतो तो संताजी घोरपड्यांमुळे, १६८९ मध्ये तुळापूरच्या छावणीत घुसून त्यांनी औरंगजेबाच्या तंबूचे तणावे, म्हणजे ताणून बांधलेले दोर, कापले आणि सोन्याचे कळस नेले असं सांगतात. तणावे कापले की अख्खा डोलारा खाली, कारण कापड, दोर आणि काठी यापलीकडे त्यात होतंच काय.

हे कापड बहुतेक सुतीच. बाहेरून जाड खादी किंवा दुसूती, आतून छापील चीट, फारच श्रीमंत असाल तर मखमल. टिपू सुलतानचा एक छापील सुती तंबू आजही वेल्समधल्या पोविस किल्ल्यात आहे, श्रीरंगपट्टण पडल्यावर क्लाइव्ह घराण्याकडे गेला आणि तिकडे बागेतल्या पार्ट्यांना वापरला गेला. सुती कापड अडीचशे वर्षं टिकू शकतं हे त्यावरून कळतं, फक्त ते कोरडं ठेवणारं कुणीतरी पाहिजे.

आता सुती कापड पावसात गळत का नाही, यात एक गंमत आहे. कापसाचा धागा पाणी पिऊन फुगतो, दाट विणलेलं कापड असेल तर धाग्यांमधल्या फटी बुजतात आणि पाणी वरच्यावर उतारावरून वाहून जातं. म्हणून नवीन कॅनव्हासचा तंबू आधी एकदोनदा भिजवून वाळवायचा असतो, त्याने शिवणीतली सुईची भोकंही बसतात. ओला कापूस कोरड्यापेक्षा ताकदवान असतो हे बऱ्याच लोकांना खरंच वाटत नाही, नायलॉनचं नेमकं उलट आहे, ते ओलं झालं की थोडं कमजोर होतं. सुती दोर पण भिजले की आखडतात म्हणून रात्री पाऊस आला की उठून तणावे सैल करायचे, नाहीतर खुंट्या उपटतात. आणि आतून कापडाला बोट लावायचं नाही, लावलं की तिथून ठिबकायला सुरू, हे स्काउटच्या कॅम्पला गेलेल्या कुणालाही विचारा.

पण सुती कापडाचे शत्रू दोन, बुरशी आणि वजन. ओलं घडी घालून ठेवलं की आपल्या पावसाळ्यात काही दिवसात काळे ठिपके, मग वास, मग कापड हाताने फाटतं. त्यावर उपाय शोधण्यात लोकांनी बरीच वर्षं घालवली. युरोपातले खलाशी कॅनव्हासला डांबर फासायचे, डांबर म्हणजे टार, त्यावरून टारपॉलिन, हिंदीत तिरपाल आणि आपल्याकडे ताडपत्री म्हणतात ती हीच वस्तू. (कॅनव्हास हा शब्द पण मुळात भांगेच्या झाडावरून, कॅनाबिसवरून आलाय, कारण ते आधी त्या झाडाच्या अंबाडीसारख्या धाग्याचं असायचं.) दुसरा उपाय मेण. आपण अजून प्लास्टिकच्या कागदालाही मेणकापड म्हणतो, मेण कधीच गेलं, नाव राहिलं. तिसरा तांब्याचा, इंग्लंडमध्ये विल्सडन कॅनव्हास म्हणून निघालं त्यात तांब्याचे क्षार मुरवायचे, बुरशी लागायची नाही आणि कापडाला हिरवट रंग यायचा.

इंग्रजांच्या काळात तंबू हा चक्क उद्योग झाला, कारण कलेक्टर थंडीत जिल्हाभर तंबू टाकत फिरायचा आणि पलटणींना तर लागायचेच. कानपूरच्या एल्गिन आणि म्युर मिलचं तंबूचं कापड चालायचं. जबलपूरला, ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी स्लीमन याच्या काळात, माफीचे साक्षीदार झालेले ठग आणि त्यांच्या पोरांसाठी जी उद्योगशाळा काढली तिथे तंबू आणि गालिचे बनायचे. म्हणजे ज्यांनी रुमालाने प्रवाशांचे गळे आवळले त्यांनीच पुढे प्रवासी साहेबांसाठी तंबू शिवले!

लष्करात तेव्हाचं ईपीआयपी हे तंबूचं नाव अजून चालतं, त्याचा अर्थ युरोपियन पर्सोनेल इंडियन पॅटर्न. आपल्याकडे १८८० मध्ये विष्णुपंत छत्र्यांनी सर्कस काढली, मग तमाशाचे फड, टुरिंग टॉकीज, सगळं कापडाखालीच.

वॉटरप्रूफ करण्याच्या नादात धोकाही वाढला. अमेरिकेत हार्टफर्डला ६ जुलै १९४४ ला सर्कशीचा तंबू पेटला आणि १६० च्या वर माणसं गेली, त्या कापडावर पॅराफिन मेण पेट्रोलमध्ये पातळ करून चढवलेलं होतं. त्यामुळे कॉटन सुरक्षित आणि सिंथेटिक धोक्याचं इतकं ते सरळ नाही, वर काय फासलंय तेही बघावं लागतं.

सिंथेटिकची एंट्री १९३५ च्या नायलॉनपासून, पण तंबूवाल्यांचं खरं नशीब बदललं ते पॉलिस्टरने. १९४१ मध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी ते शोधलं आणि ते नोकरीला कुठे होते तर मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्समध्ये, म्हणजे सुती कापड छापणाऱ्यांच्या पगारावर सुती कापडाचा प्रतिस्पर्धी जन्माला आला. आपल्याकडे ते टेरीन, टेरीकॉट म्हणून आधी पँट-शर्टात आलं, १९८२ ला रिलायन्सचा पाताळगंगेचा कारखाना सुरू झाल्यावर पॉलिस्टरचा धागा घराजवळ बनायला लागला. दुसरीकडे १९५३ मध्ये जर्मनीत त्सिग्लरने कमी दाबाखाली पॉलिथिन बनवायची पद्धत काढली, तिथून एचडीपीईच्या, म्हणजे या टणक पॉलिथिनच्या, पट्ट्या विणून केलेली ती निळी ताडपत्री, आणि नंतर सिल्पोलीन नावाची थरांवर थर चिकटवलेली प्लास्टिकची ताडपत्री. सोयाबीन झाकायला, कांद्यावर टाकायला शेतकऱ्याला वजनाने हलकं, ओलं गुंडाळलं तरी न सडणारं आणि फाटलं तर फेकून देता येईल असं काहीतरी मिळालं, तिथे कॅनव्हास कशाला टिकतोय. फक्त ऊन त्याला खातं, यूव्ही किरणांपासून वाचवणारं मिश्रण कमी असेल तर एकदोन उन्हाळ्यात त्याचा भुगा होतो.

दुकानापुढच्या ऑनिंगची, म्हणजे छपरीची, गोष्ट वेगळी, तिथे पावसापेक्षा रंग उडणं हा त्रास जास्त. अमेरिकेत १९६१ ला सनब्रेला हे ॲक्रिलिक कापड आलं, त्यात रंग धागा बनायच्या आधीच रसायनात मिसळतात. बीट कापलं तरी आत लालच असतं आणि सफरचंद कापलं की पांढरं, तसा हा फरक. सुती छपरीचा रंग वरवरचा, सफरचंदासारखा.

आगीचं मात्र विसरून चालत नाही. २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या कार्यक्रमात सिंथेटिक मांडव पेटला आणि वितळलेलं कापड खाली बसलेल्या मुलांवर पडलं, ४०० हून जास्त जीव गेले. कॉटन पेटतं, पण त्याची राख होते, पॉलिस्टर आणि पॉलिथिन वितळून थेंब थेंब अंगावर पडतं आणि चिकटतं. तात्पुरत्या मांडवांसाठीचं भारतीय मानक, आयएस ८७५८, तेव्हाही होतं आणि कृत्रिम कापड, कृत्रिम दोर वापरू नका असं त्यात आहे. आता कुठल्याही लग्नाच्या मांडवात जाऊन वर बघा, साटनच्या झालरी आणि त्यावर प्लास्टिकची ताडपत्री. पैसेवाल्यांकडे जर्मन हँगर, म्हणजे धातूच्या सांगाड्याचा मोठा मांडव, त्याचं कापड पीव्हीसी चढवलेलं पॉलिस्टर, त्यात निदान आग पटकन पसरू नये अशी प्रक्रिया केलेलं मिळतं, पण सर्टिफिकेट मागणारा यजमान मी अजून पाहिलेला नाही.

मंडपवाल्यांना दोष देऊन उपयोग नाही. दुपारी तीनला वरात निघते, चारला पाऊस, सहाला सगळं कापड ओलंच गुंडाळून टेम्पोत आणि रात्रीतून दुसऱ्या गावात दुसरा मांडव उभा करायचाय चार पोरांनी. सुती कनाती असत्या तर ती पोरं दोन दिवस वाळवतच बसली असती.