अज्ञानाने केलेला व्यवहार आणि अज्ञानासाठी केलेला व्यवहार

अठरा वर्षे पूर्ण झाली की मत देता येते, मोटारसायकलचे लायसन्स काढता येते आणि स्वतःच्या सहीने करार करता येतो, हे कोल्हापुरातील कोणत्याही कॉलेजकुमाराला पाठ असते. मतदानाचे वय १९८९ पर्यंत २१ होते आणि मुलाच्या लग्नाचे वय आजही २१ आहे, एवढे त्यात जोडून घ्यावे आणि पुढे जावे, कारण घोळ तेथे होतच नाही. घोळ होतो तो अठराच्या आधी झालेल्या व्यवहाराचे अठरानंतर काय होते या प्रश्नात. ‘तेव्हा पोरगं अज्ञान होतं, म्हणजे खरेदीपत्रच खोटं’ हे वाक्य दस्त लिहिण्याच्या कामात मी करवीरच्या माणसाकडून ऐकले आहे, कागलच्या ऐकले आहे आणि शिरोळच्याही, आणि बहुतेक वेळा ते चुकीचेच होते. (अज्ञान म्हणजे कायद्याने अठरा पूर्ण न झालेला. या नेमक्या शब्दाऐवजी हल्ली कागदोपत्री ‘नाबालिग’ लिहिण्याची जी टूम निघाली आहे, ती मला मुळीच मान्य नाही.)

पहिला प्रकार सोपा आहे. सतरा वर्षांच्या मुलाने स्वतः हप्त्याच्या कागदावर, साठेखतावर किंवा गहाणखतावर सही केली, तर तो करार मुळापासून शून्य असतो. १८७२ च्या करार कायद्याने करार करण्याची पात्रता सज्ञान व्यक्तीलाच दिली आहे, आणि कलकत्त्याच्या धर्मोदास घोष या अज्ञान मुलाने लिहून दिलेल्या २०,००० रुपयांच्या गहाणखताच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या लंडनमधील शेवटच्या अपील न्यायालयाने, १९०३ मध्ये हा मुद्दा कायमचा निकालात काढला. शून्य करार रद्द करून घ्यावा लागत नाही, कारण रद्द करण्यासारखे तेथे काही उभेच राहिलेले नसते. मुलाला मिळालेला लाभ परत करायला न्यायालय सांगू शकते, एवढीच काय ती समोरच्याची आशा.

दुसरा प्रकार म्हणजे मुलाच्या नावची जमीन त्याच्या वतीने आईने किंवा वडिलांनी विकणे. येथे सही करणारी व्यक्ती सज्ञान असते आणि कायद्याने नैसर्गिक पालकही असते. फक्त तिच्या अधिकाराला मर्यादा असते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याच्या कलम ८ प्रमाणे अज्ञानाची स्थावर मिळकत विकायची, गहाण टाकायची, बक्षीस द्यायची किंवा पाच वर्षांहून अधिक काळासाठी भाडेपट्ट्याने द्यायची असेल, तर न्यायालयाची आगाऊ परवानगी लागते, आणि अज्ञानाची गरज किंवा त्याचे उघड हित दिसल्याशिवाय न्यायालय ती देत नाही. ही परवानगी न घेता झालेले खरेदीपत्र शून्य नसते, शून्यकरणीय असते, आणि सगळे येथेच घसरतात. शून्यकरणीय याचा अर्थ असा की ते खरेदीपत्र आज चांगले आहे, त्याच्या आधारे घेणाऱ्याचे नाव सातबाऱ्याला लागते, तो त्या रानात ऊस लावतो आणि कारखान्याला घालतो, आणि ज्याच्या नावची जमीन विकली गेली त्या मुलाने ते झुगारेपर्यंत ते तसेच चांगले राहते. झुगारण्याचा हक्क त्या मुलाचा आहे, शेजाऱ्याचा किंवा भाऊबंदाचा नाही. आणि त्याला मुदत आहे. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ६० प्रमाणे सज्ञान झाल्यापासून तीन वर्षे, म्हणजे ढोबळमानाने एकविसाव्या वाढदिवसापर्यंत. त्यानंतर पंचविसाव्या वर्षी वकिलाच्या टेबलावर जुना दस्त ठेवून ‘मी तेव्हा नववीत होतो’ असे सांगण्याने काहीही साधत नाही.

पालकाच्या कारभाराला किंमत असते, ही गोष्ट खरे तर कोल्हापूरकराला समजावून सांगावी लागू नये. १८८४ मध्ये दत्तक आलेल्या शाहू महाराजांच्या हाती राज्याची सूत्रे १८९४ मध्ये आली. मधली दहा वर्षे त्यांच्या नावाने इतरांनी कारभार पाहिला, आणि तो सगळा मुळापासून शून्य होता असे येथे कोणी म्हणत नाही.

या फरकाचा सर्वांत व्यवहारी परिणाम संमतीपत्रात दिसतो. मुलगा अठराचा झाला की त्याच्याकडून जुन्या व्यवहाराला संमतीपत्र लिहून घेण्याची पद्धत सर्रास आहे. पालकाने केलेल्या खरेदीपत्रापुरते ते उपयोगी पडते, कारण शून्यकरणीय व्यवहार कायम करता येतो. मात्र मुलाने स्वतः सतराव्या वर्षी केलेल्या करारावर तसे संमतीपत्र घेणे म्हणजे स्टँप पेपर वाया घालवणे होय. जे जन्मालाच आले नाही त्याला संमती कशी देणार? तेथे नवा मोबदला देऊन नवा करारच करावा लागतो.

दोन अपवाद मात्र लक्षात ठेवावेत. वडिलांच्या पश्चात चुलत्याने परस्पर पुतण्याच्या हिश्शाची विक्री केली असेल, तर चुलता नैसर्गिक पालक नसल्याने ती १९५६ च्या त्याच अधिनियमाच्या कलम ११ खाली येते आणि शून्यच ठरते. तीन वर्षांची वरील मुदत तेथे लागत नाही. याउलट एकत्र कुटुंबाच्या अविभक्त जमिनीतील अज्ञानाचा हिस्सा कर्त्याने कुटुंबाच्या गरजेसाठी विकला असेल, तर कलम ८ लागूच होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ठरवले आहे. तेथे वाद परवानगीचा नसून गरज खरी होती की नाही याचा असतो.

झुगारायचे कसे, याविषयी माझे मत ठाम आहे. मुदतीत तीच जमीन स्वतः दुसऱ्याला विकण्यासारख्या निःसंदिग्ध कृतीनेही व्यवहार झुगारता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले असले, तरी मी कोणालाही दावाच दाखल करायला सांगेन. घेणाऱ्याला माझे सांगणे याहून कडक आहे: कसबा बावड्यातील जिल्हा न्यायालयातून परवानगीचा आदेश आल्याशिवाय इसाराचा एक रुपयाही देऊ नये, मग दर कितीही उतरलेला असो. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसत असल्याने मुंबईची खेप वाचते हे खरे, पण हुकलेली मुदत त्याने परत येत नाही.

हाच फरक बालविवाहातही आहे आणि तेथेही लोक त्याच जागी अडखळतात. २००६ च्या कायद्याने बालविवाह लावणारे गुन्हेगार ठरतात. परंतु फूस लावून, पळवून नेऊन किंवा विकून लावलेल्या विवाहासारखे प्रकार सोडले, तर तो विवाह आपोआप शून्य होत नाही. लग्नाच्या वेळी बालक असलेल्या व्यक्तीनेच तो रद्द करून मागायचा असतो, आणि मुलीच्या बाबतीत त्याची मुदत सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांची, म्हणजे जमिनीच्या मुदतीहूनही एक वर्षाने कमी असते.

राहता राहिला सातबाऱ्यावरचा ‘अ.पा.क.’ हा शेरा, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलगा अठराचा झाला म्हणून तो आपोआप जात नाही. वयाचा पुरावा जोडून तो कमी करण्याचा अर्ज द्यावा लागतो, आणि ई-हक्क या शासनाच्या ऑनलाइन प्रणालीवरून तो घरबसल्या देता येतो. शेरा उतरला की मग तीन वर्षे मोजायची, असा एक लाडका समज गावोगाव आहे. १८७५ च्या सज्ञानता कायद्यानुसार अठराव्या वाढदिवसाची तारीख सुरू होताच माणूस सज्ञान होतो, आणि मुदत तेव्हापासून चालू लागते, सातबाऱ्यावर शेरा तसाच असला तरी.