चोरलचं पाणी आणि डिफरन्शियलचं ऑइल

पावसाळ्यात सिमरोलवरून चोरलला गेलो होतो, आमच्या जुन्या फोर बाय फोर जीपने नदी पार केली, पाणी जेमतेम चाकाच्या मध्यापर्यंत होतं आणि गाडी व्यवस्थित इंदूरला परत आली. तीन आठवड्यांनी अंगणात मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या डब्याचं, ऑइल काढायला बसलो तर घमेल्यात काळं ऑइल पडायच्या ऐवजी दुधाळ कॉफीसारखं काहीतरी पडायला लागलं. लेक टॉर्च धरून बसली होती, म्हणाली, बाबा, ह्यात दूध कोणी घातलं?

दूध नाही, पाणी. चाळीसेक किलोमीटर पळून हाउसिंग, म्हणजे त्या डब्याचं कवच, चांगलं तापलेलं असतं, समजा आतली हवा 80 डिग्रीला आहे आणि तुम्ही गाडी एकदम थंड पाण्यात घातली, 25 डिग्रीपर्यंत गार झाली की तीच हवा जवळपास 15 टक्के आकसते. ती जागा भरून काढायला वर ब्रीदर नावाची एक बारीक नळी असते, त्यातून बाहेरची हवा आत येते. माझा ब्रीदर चिखलाने पार बुजला होता. मग हाउसिंगने श्वास घेतला तो ऑइल सीलच्या, म्हणजे ऑइल गळू नये म्हणून शाफ्टभोवती बसवलेल्या रबरी रिंगेच्या कडेने, आणि तिथे बाहेर नदी होती.

आता ह्या ऑइलचं एवढं काय, तर बघा, गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक जास्त चालतं. दोन चाकांत दीड मीटर अंतर असेल तर एका यू-टर्नमध्ये बाहेरचं चाक आतल्यापेक्षा तब्बल 4.7 मीटर जास्त जातं! दोघांना वेगवेगळं फिरू देणारी ही गिअरची रचना फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकरने 1827 मध्ये पेटंट केली, वाफेच्या गाडीसाठी. पण ऑइलचे खरे हाल होतात ते क्राउन-पिनियनमध्ये, म्हणजे इंजिनकडून येणाऱ्या शाफ्टच्या टोकाचा छोटा गिअर (पिनियन) मोठ्या गिअरला (क्राउन) फिरवतो तिथे. पिनियन क्राउनच्या मधोमध न लागता थोडा खाली लागतो, ह्याला हायपॉइड म्हणतात, 1926 च्या सुमारास पॅकार्डने हे गिअर मोटारीत आणले आणि शाफ्ट खाली गेल्याने गाडीचा तळही खाली घेता आला. मात्र इथे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, जोरात घासत सरकतात, आणि त्या दाबाखाली साधं ऑइल बाजूला पिळून निघतं. म्हणून ह्या ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं असतात, दात घासून जिथे तापतात तिथेच ती लोखंडाशी रिअ‍ॅक्ट होऊन एक पातळ थर बनवतात, मग झिजतो तो थर, दात नाही. तो उग्र वास येतो ना, तो ह्या गंधकाचाच. मला ही गोष्ट फार सुंदर वाटते, गरज असेल तिथेच आणि तेव्हाच तयार होणारं कवच.

म्हणून डब्यावर जीएल-5 बघून घ्या, तो अशा गिअरच्या ऑइलचा दर्जा; ऑइल किती दाट, 80डब्ल्यू-90 की आणखी काही, ते गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. आणि उरलेलं ऑइल गिअरबॉक्समध्ये ओतू नका, तिथल्या पितळी रिंगांना काही जीएल-5 ऑइलं मानवत नाहीत.

काम सोपं आहे. थोडी फिरवून गाडी कोमट करा, सपाट जागेवर लावा, चाकांना दगड लावा. आमचे मिस्त्री पहिल्या दिवसापासून एकच सांगत आलेत, "भिया, पहले ऊपर वाला नट खोलो।" कारण खालचा उघडून सगळं ऑइल काढलं आणि वरचा जाम निघाला, तर भरणार कुठून? गाडी जागची हलणार नाही.

खालच्या नटाला, म्हणजे प्लगला, बहुधा लोहचुंबक असतं, ते बोटाने पुसून बघाच. माझ्या प्लगवर काजळासारखी मऊ राखाडी पेस्ट होती, ती नेहमीची झीज. नखाला टोचणारे तुकडे लागले तर दात किंवा बेअरिंग गेलं समजा आणि हाउसिंग उघडून घ्या. मग नवा वॉशर लावून प्लग बसवा आणि वरच्या भोकाच्या कडेतून ऑइल ओघळायला लागेपर्यंत भरा, माझ्या गाडीत दीड लिटरच्या आसपास बसतं. पुढचं डिफरन्शियल वेगळं, तेही असंच. जुनं ऑइल डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, नालीत ओतलं तर ते थेट खान नदीत जाणार.

पाणी शिरलं असेल तर एकदा बदलून भागत नाही, कोपऱ्यात थोडं राहतंच. मी ब्रीदर साफ केला, पाचशे किलोमीटर चालवली आणि पुन्हा ऑइल काढलं. ह्यावेळी धार मधासारखी पडली, लेकीने टॉर्च जवळ नेऊन घमेल्यात नीट बघितलं आणि नाक दाबत म्हणाली, बाबा, आता दूध नाहीये.