जनुके दोन की एकाच जनुकाची रूपे दोन?

आफ्रिका-आशियातील माकडे, चिंपांझी-गोरिलासारखे कपी आणि माणूस यांना त्रिवर्णी दृष्टी, म्हणजे तीन प्रकारच्या पेशींनी रंग ओळखणारी दृष्टी, असते, आणि अमेरिका खंडातील अनेक माकडांतही ती आढळते. त्यामुळे ती दोघांना एकाच पूर्वजाकडून मिळाली असावी, असा समज सहज होतो. तो बरोबर नाही. तीन प्रकारच्या शंकुपेशी (डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या पेशी) दोन्हीकडे असल्या, तरी त्यांच्यामागची जनुकीय व्यवस्था मुळातच वेगळी आहे.

आपल्या वंशशाखेत, अमेरिकी माकडांची शाखा वेगळी झाल्यानंतर, साधारण ३ ते ४ कोटी वर्षांपूर्वी एक्स गुणसूत्रावरील ऑप्सिन जनुकाची (शंकुपेशीतील प्रकाशाला प्रतिसाद देणारे रंगद्रव्य घडवणाऱ्या जनुकाची) दुसरी प्रत तयार झाली आणि दोन्ही प्रती हळूहळू वेगळ्या झाल्या. आज माणसात एका प्रतीचे रंगद्रव्य सुमारे ५३० नॅनोमीटरच्या प्रकाशाला, तर दुसरीचे सुमारे ५६० नॅनोमीटरच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देते, आणि हा फरक मुख्यतः तीनच जागी बदललेल्या अमिनो आम्लांमुळे पडतो. दोन्ही जनुके एकाच गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असल्याने नर असो वा मादी, प्रत्येकाला ती मिळतात. या शेजाराची किंमतही आहे: इतकी सारखी जनुके गुणसूत्रांमधील अदलाबदलीच्या वेळी चुकीची जुळतात, एखादे गळते किंवा दोघांचे मिश्रण होते, आणि त्यातून पुरुषांमध्ये लाल-हिरव्याचा रंगदोष उद्भवतो.

स्क्विरल माकडे, कापुचिन, मार्मोसेट यांच्या एक्स गुणसूत्रावर मात्र असे एकच जनुक असते. पण त्याची सहसा तीन रूपे समूहात वावरतात. नराकडे एक्स एकच, म्हणून त्यावरचे एक आणि निळ्या प्रकाशाच्या वेगळ्या जनुकाचे एक अशी त्याला दोनच रंगद्रव्ये मिळतात, आणि तो नेहमी द्विवर्णी असतो. मादीला दोन एक्सवर दोन भिन्न रूपे मिळाली, तर प्रत्येक पेशीत एकच एक्स कार्यरत राहत असल्यामुळे काही शंकुपेशींत एक रंगद्रव्य, काहींत दुसरे तयार होते, आणि ती त्रिवर्णी ठरते. दोन्ही रूपे सारखी असली, तर तिची सख्खी बहीण त्रिवर्णी असूनही ती स्वतः द्विवर्णीच राहते. तीन रूपांच्या हिशेबाने एकाच टोळीत दृष्टीचे सहा प्रकार संभवतात, आणि मला तरी या विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते. म्हणजे आपल्याकडे त्रिवर्णी दृष्टी हा जातीचा गुण आहे, तर तिकडे तो काही माद्यांचा.

हाऊलर माकडे अमेरिकेतीलच, परंतु त्यांच्यात जनुकाचे द्विगुणन स्वतंत्रपणे घडले आणि नरही त्रिवर्णी झाले. निशाचर आऊल माकडांत उलट निळ्या प्रकाशाचे जनुकच निकामी झाले आहे.

द्विवर्णी नराला उणीव असते ती केवळ जनुकाची, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने दिसले. प्रौढ स्क्विरल नरांच्या दृक्पटलात विषाणूच्या साहाय्याने माणसाचे ऑप्सिन जनुक पोहोचवल्यावर, काही महिन्यांत ते लाल आणि हिरव्या ठिपक्यांचे आकार करड्या पार्श्वभूमीतून ओळखू लागले.